विमानतळ नावाच्या स्टेशनावरून

प्रिय सूनबाई,

हे पत्र तुझ्या सासूचं आहे. पहिल्यांदाच लिहितेय म्हणून आधीच सांगून ठेवते, नाहीतर पाकीट बघून तुला वाटायचं की विजेचं बिल आलंय. अक्षर वाईट आहे. शाळा चौथीत सुटली, त्यानंतर लिहायचं म्हणजे टपरीच्या पाटीवर खडूने चहाचा भाव खरडायचा, तेवढंच. तुझे सासरे म्हणाले, तू सांग, मी लिहून देतो. म्हटलं, नको, हे माझं मलाच लिहायला हवं. फोन का केला नाही, असं तुझ्या मनात येईल. फोनवर मी तुला बोलू देणार नाही हे मला माहीत आहे, आणि तुला तर माझ्याहून जास्त माहीत आहे. म्हणून कागद घेतला. कागदावर मी कितीही बडबडले तरी तुला हवं तेव्हा तो बाजूला ठेवता येईल.

त्या दिवशी तू मला भेटायला आलीस आणि मी तुला पाणीसुद्धा न विचारता परत पाठवलं, त्याबद्दल हे पत्र आहे. तू आमची सून आहेस हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं, नंतर कळलं. आता तू पुन्हा या घराकडे वळशील की नाही, हा एकच विचार डोक्यात आहे. नाही वळलीस तर मी कुणाकडे तक्रार करणार, तोंडच नाही मला. पण त्या दिवशी खरं काय झालं आणि नंतर काय काय झालं, ते सगळं तुला कळलं पाहिजे. त्यातलं काही तुला माहीत नाही. ते लिहायला मी शेवटी येते, आत्ता धीर नाही. आधी स्टेशनाचं सांगते, कारण ते कळल्याशिवाय मी असं का वागले ते कळायचं नाही.

आमच्या स्टेशनाचं नाव विमानतळ. पाटी तू पाहिली असशीलच, एकेक अक्षर कपाटाएवढं आहे. आणि विमान म्हणशील तर आकाशातून ठिपक्याएवढं जातं, तेही ढग नसले तर. पूर्वी इथे खरंच विमानं उतरायची. मी लग्न होऊन आले तेव्हा शेवटची काही होती. आवाज झाला की माझ्या सासूबाई हातातलं भांडं खाली ठेवून दोन्ही कान दाबून धरायच्या आणि विमान गेलं की जणू काही झालंच नाही अशा घासायला लागायच्या. मग मोठा विमानतळ पुढे बांधला, आमच्यापासून दोन स्टेशनं पलीकडे. इथल्या धावपट्टीवर गोदामं उभी राहिली आणि उरलेल्या तुकड्यावर नवशिके लोक मोटार चालवायला शिकतात. विमानं गेली, नाव मागे राहिलं.

तिकडच्या नव्या स्टेशनाला एका थोर माणसाचं नाव दिलं. माणूस थोर असेलच, मी नाही म्हणत नाही. पण नाव एवढं लांब की पाटीला दोन खांब पुरेनात म्हणून मधे तिसरा उभा केला, आणि त्या अख्ख्या नावात विमान हा शब्द शोधून सापडत नाही. म्हणजे जिथे विमान आहे तिथे नावात नाही, आणि जिथे नावात आहे तिथे गोदाम आहे. आमचे स्टेशनमास्तर सांगत होते की एका मार्गावर दोन स्टेशनांना एक नाव चालत नाही, आणि जुनं नाव बदलायचं तर तिकिटं बदला, नकाशे बदला, पाट्या बदला, एवढं करतंय कोण. मग काय केलं, तर नव्या स्टेशनाच्या नावापुढे विमानाचं एक छोटंसं चित्र काढलं. आमच्या नावापुढचं जुनं चित्र पुसायचं मात्र कुणाला सुचलं नाही. ते आहे तसंच आहे, नव्याच्या दुप्पट मोठं. रंग कुठला वापरला होता कोण जाणे, अजून उडालेला नाही.

गंमत तिथे संपत नाही. ट्रेनमध्ये बाई बोलते ना, ती आमच्या आधीचं स्टेशन सुटलं की सांगते, विमान प्रवाशांनी पुढे उतरावे. आता पुढे म्हणजे आम्हीच येतो. आणि लोक फारच तक्रारी करतात म्हणून ऑफिसने एक सूचना छापून लावली, विमान प्रवाशांनी येथे उतरू नये. ती लावली कुठे, तर फलाटावरच्या खांबाला. उतरल्याशिवाय वाचताच येत नाही. मी ती सूचना रोज पुसते, धूळ बसू देत नाही, कारण ती वाचून माणसाचा चेहरा जो पडतो तो आमच्या धंद्याचा बोहनीचा चेहरा. एकदा तर गणवेश घातलेला, खांद्यावर पट्ट्या असलेला विमान चालवणाराच उतरला. तुझ्या सासऱ्यांनी त्याला नेऊन सोडलं. जाताना म्हणाला, काका, कुठे बोलू नका. आम्ही सगळीकडे बोललो.

आमच्या गल्लीतल्या चुली या एका चुकीच्या नावावर पेटतात, असं समज. जिन्याखाली व्हॅनची रांग असते. तुझ्या सासऱ्यांची हिरवी, एक चष्मेवाल्याची, एक पैलवानाची, जो पैलवान नाही, नुसता जाडा आहे, आणि आणखी दोघांच्या. वर फलाटावर, मधल्या डब्याच्या दारासमोर, माझी टपरी. चहा, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, बॅगेची कुलुपं आणि तुटलेल्या पट्ट्या. मोठी बॅग घेऊन कोण उतरतं ते मला सगळ्यांच्या आधी दिसतं. आणि गल्लीचा एक नियम आहे, कुणी लिहिला नाही पण सगळे पाळतात. ट्रेनचं दार लागेपर्यंत तोंड उघडायचं नाही. ट्रेन उभी असते तोवर सांगितलं तर माणूस पुन्हा चढतो आणि जातो. दार लागलं, ट्रेन हलली, की मग आम्ही सगळे फार मायाळू होतो. अहो, तुम्ही चुकलात. विमान इथे नाही. पुढची ट्रेन उशिरा आहे. या, आमची व्हॅन आहे. हे म्हणता म्हणता मी त्याची बॅग हातात घेते, कारण एकदा बॅग चालायला लागली की माणूस मागून येतोच. आम्ही कुणाला लुटत नाही, वेळेवर पोचवतो, पाटी काही आम्ही लावलेली नाही, असं आम्ही एकमेकांना सांगतो. इतकी वर्षं सांगितलं की खरंच वाटायला लागतं.

या धंद्याने मला एक सवय लावली. म्हणजे मुळात मी घाईचीच, धंद्याने तिला धार लावली. माणूस तोंड उघडतो तेव्हा तो काय विचारणार ते मला पाठ असतं, म्हणून मी त्याला पूर्ण विचारूच देत नाही. मी चेहराही बघत नाही, बॅग बघते. घरीसुद्धा तेच. तुझे सासरे आज भाजीत, एवढं म्हणाले की मी मीठ पुढे सरकवते. त्यांना कधी कधी दुसरंच काही म्हणायचं असतं, पण आता ते मीठ घेतात आणि गप्प बसतात. आमचा संसार गोडीत झाला असं लोक म्हणतात त्याचं कारण एवढंच आहे.

तुझ्या बाबतीत मी हेच केलं होतं, आधीही. तुम्ही लग्न करायचं ठरवलंत तेव्हा तुझ्या नवऱ्याने फोनवर तुला दिलं. आधी मला बजावलं होतं त्याने, आई, ती अडखळत बोलते, तिला वेळ दे, मधे बोलू नकोस. मी हो म्हटलं. तू आ, आ, करत होतीस, आई म्हणायचं असेल, समोर चहा उतू जात होता, दोन गिऱ्हाईकं उभी होती. मी म्हटलं, हो हो, कळलं, सुखी राहा, फोन दे त्याच्याकडे. आणि त्याच्याकडे गेल्यावर मी जे बोलले ते तू ऐकलंस की नाही मला माहीत नाही. हिचा नमस्कार पूर्ण होईपर्यंत माझ्या चहाला दोनदा उकळी येईल, असं मी म्हटलं. मला वाटलं विनोद केला. त्याने फोन ठेवून दिला. लग्नाचं कळवलं, पण ये म्हणाला नाही, आणि मी ताठ्याने विचारलंही नाही. तेव्हापासून त्याचा फोन आला की वडिलांच्या फोनवर यायचा. मी भांडी आपटत दोघांचं बोलणं ऐकायची. तुमच्या लग्नाचा फोटो यांनी दाखवला तो मी अंगठ्याने पुढे सरकवला. त्यात तुझे केस लांब होते, एवढं आठवतं, कारण त्या दिवशी तुझे केस कापलेले होते आणि आता मी स्वतःला तेच कारण देते, की म्हणून ओळखलं नाही. खोटं आहे ते. मी बघितलंच नव्हतं, ना फोटोत, ना फलाटावर.

आता त्या दिवसाचं. दुपारची गर्दी ओसरलेली. तू उतरलीस, निळी मोठी बॅग, दुसऱ्या हातात एक कापडी पिशवी छातीशी धरलेली. चुकून उतरलेलं माणूस आधी वर पाटीकडे बघतं, मग आजूबाजूला विमान शोधतं, मग खांबावरची सूचना वाचतं. ठरलेलं आहे. तू यातलं काहीच केलं नाहीस. तू सरळ टपरीकडे बघितलंस, माझ्याकडे, आणि हसलीस. एवढं माझ्या ध्यानात यायला हवं होतं, आंधळ्या माणसाच्याही आलं असतं. पण ट्रेन उभी होती आणि मी नियमाप्रमाणे कपबशा पुसत खाली बघत राहिले. दार लागलं. तू समोर येऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, मी… मी… मी…

पुढचा शब्द येईना. तू डोळे मिटलेस, मान थोडी वाकडी केलीस. जरा थांबले असते तर आला असता. मी म्हटलं, तुम्ही चुकलात, एवढंच ना, सगळेच चुकतात, चला. तू मान हलवलीस, नाही नाही म्हणून. मला वाटलं व्हॅन नको म्हणतेय, ट्रेनची वाट बघते म्हणतेय. तसे बरेच जण म्हणतात आणि त्यांचं काय करायचं ते मला येतं. मी बॅग उचलली आणि जिना उतरायला लागले. तू मागून आलीस, माझं मनगट धरलंस. घट्ट नाही, असं नुसतं धरलंस. मी म्हटलं, भाडं ठरलेलं आहे बाई, कमी होणार नाही. काय म्हणू मी आता. तुझा हात माझ्या हाताला पहिल्यांदा लागला आणि मला वाटलं घासाघीस चाललीय. खाली नंबर यांचाच होता. मी दार सरकवलं, तुला पाठीला हात लावून आत बसवलं, बॅग ठेवली, आणि यांना म्हटलं, चला निघा, पाहुण्यांना उशीर होतोय. काचेतून तू माझ्याकडे बघत होतीस. मी दारावर थाप मारली, जशी रोज मारते.

या स्टेशनावर मोठी बॅग घेऊन न चुकता उतरलेली, इथेच यायचं म्हणून उतरलेली, तू पहिली. आणि तुलाच मी चुकलात म्हणून हाकलली.

त्या संध्याकाळी हे उशिरा आले. पैसे रोज डब्यात टाकतात, त्या दिवशी टाकले नाहीत, आणि मी विचारलं तर मला नाही मिळाले म्हणाले. मला वाटलं कुणी बुडवलं. जेवले अर्धवट. पुढेही तसेच, चार घास खायचे आणि खिडकीशी जाऊन बसायचे. मी म्हटलं डॉक्टरकडे चला, नको म्हणाले. काय झालं, म्हटलं, काही नाही म्हणाले. आणि मी आपली माझ्या नादात. आता ते लिहायची वेळ आली जे मघाशी टाळलं. पाणी पिऊन आले.

तू गेल्यावर मी तुझी नक्कल केली.

त्याच दिवशी, जिन्याखाली, सगळ्या व्हॅनवाल्यांसमोर. मी, मी, मी, अशी मान वाकडी करून, डोळे मिटून, मनगट धरून. पैलवान एवढा हसला की त्याच्या हातातला चहा सांडला. मग रोजच झालं. वहिनी, ती मीमी करून दाखवा. मी करायची. माझी नक्कल चांगली होते असं सगळे म्हणतात, मास्तरांची तर मी हुबेहूब करते. पुढे पुढे उतरलेलं माणूस जरा गोंधळलेलं दिसलं की चष्मेवाला वर बघून विचारायचा, काय वहिनी, मीमी आहे का. तो शब्दच झाला आमच्या गल्लीत.

हे मी इतकं उघड लिहितेय कारण आडून लिहिलं तर मला पुन्हा सुटल्यासारखं वाटेल.

एका दुपारी हे असेच खिडकीशी बसलेले. मला वाटलं यांना जरा हसवावं. हातातली कणीक तशीच ठेवून समोर उभी राहिले आणि केली नक्कल, पूर्ण, मनगटासकट. म्हटलं, आठवते का, तुमच्या व्हॅनमध्ये बसवली होती ती. ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. एखादं भांडं फुटल्यावर आपण बघतो ना, तसं. मग म्हणाले, ती आपली सून होती.

त्यांनी मग सगळं सांगितलं, आणि मी पहिल्यांदा त्यांचं बोलणं न तोडता ऐकलं. तू व्हॅनमध्ये बसल्यावर काचेतून मागे स्टेशनाकडेच बघत होतीस. ते गाडी चालवत होते, त्यांना कुणाला घाई करायची सवय नाही. वाटेत तू हळूहळू सांगितलंस, तू कोण ते, आणि त्यांना बाबा म्हणालीस. त्यांनी गाडी कडेला घेतली. म्हणाले, चल, परत फिरू. तू म्हणालीस, आज नको. विमान रात्रीचं होतं, हेही तू सांगितलंस. म्हणजे तू अर्धा दिवस माझ्यासाठी मोकळा ठेवून आली होतीस, आणि मी तुला उशीर होतोय म्हणून पिटाळली, आणि तू तो अर्धा दिवस तिकडे खुर्चीवर बसून काढलास पण परत फिरली नाहीस. मी तुझ्या जागी असते तर मीही फिरले नसते. नवऱ्याला न सांगता एकटी आली होतीस, आपलं आपण बोलायचं म्हणून, हेही यांनी सांगितलं. पिशवीत काय होतं ते तू यांना दाखवलं नाहीस आणि यांनी विचारलं नाही. मीही विचारत नाही. आईंना काही सांगू नका, त्यांना वाईट वाटेल, असं तू उतरताना म्हणालीस, म्हणून ते इतके दिवस गप्प होते. मला वाईट वाटेल म्हणून. आणि इकडे मी कणकेच्या हातांनी…

पुढचं लिहवत नाही, राहू दे.

दुसऱ्या दिवशी मी जिन्याखाली गेले. ट्रेन नव्हती, सगळे व्हॅनला टेकून उभे. पैलवानाने मला बघितल्याबरोबर मान वाकडी केली. मी म्हटलं, ती माझी सून होती, आजपासून ते बंद. सगळे पायाकडे बघायला लागले. चष्मेवाला चाचरत म्हणाला, वहिनी, आम्हाला काय ठाऊक. मी तोंड सोडणार होते, तेवढ्यात पैलवान म्हणाला, तुम्हीच तर शिकवलं. तो काही टोमणा मारत नव्हता, खरं तेच म्हणाला. वर जाऊन मी टपरी उघडली. नक्कल त्यांनी थांबवली आहे, माझ्यासमोर तरी. पाठीमागे काय होतं ते मला माहीत नाही. गल्लीत एकदा नाव पडलं की ते निघत नाही.

मी सुधारले असं मात्र समजू नकोस. परवा मी ट्रेनचं दार लागायच्या आत एका म्हाताऱ्या जोडप्याला ओरडून सांगितलं, चढा परत, विमान इथे नाही. चढले बिचारे. खाली गल्लीभर बोंब झाली, यांचा नंबर त्या दिवशी सगळ्यात शेवटी लावला. मला जरा बरं वाटलं, वाटलं चला, काहीतरी केलं. आणि लगेच पुढच्याच ट्रेनला एक माणूस काहीतरी विचारायला आला, तर मी त्याचं वाक्य अर्ध्यात तोडून खाली पाठवला. त्याला संडास कुठे आहे ते विचारायचं होतं. म्हणजे बघ. या वयात जीभ वळवायला वेळ लागणार आहे, आणि वळेलच असं वचन मी देत नाही.

हे पत्र लिहायला मी बसते, दोन ओळी झाल्या की उठते. शब्द आत अगदी तयार असतो, पेन टेकवलं की अडतो. तो कसा लिहायचा ते सुचेपर्यंत पुढचा विचार निघून जातो. यांच्याकडे बघितलं तर ते लगेच सांगायला जात नाहीत, माझी वाट बघतात. मी तुझ्याशी बरोबरी करत नाही, माझं अडणं न शिकल्यामुळे आहे आणि चार भिंतींच्या आत आहे, हसायला कुणी नाही. पण कुणी वाट बघतं तेव्हा काय वाटतं, ते मला आता कळलं.

आता हे पत्र का लिहिलं ते. रविवारी तुझ्या नवऱ्याचा फोन आला, माझ्या फोनवर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं आता हा तोडून टाकणार. तर तो हसत होता. आई, म्हणाला, ती म्हणाली तू भेटलीस. म्हणाली तू तिला बसवून घेतलंस, तिचं सगळं ऐकून घेतलंस, बॅगसुद्धा स्वतः उचललीस. आई, मला वाटलं नव्हतं गं. त्याचा आवाज लहानपणी ताप उतरल्यावर असायचा तसा होता. आणि मी, सगळं माहीत असताना, काय म्हटलं असेल. मी म्हटलं, हो. मग तो म्हणाला, सुट्टी लागली की आम्ही दोघं येतो, राहायलाच येतो. मी म्हटलं, या. तू माझ्यासाठी खोटं बोललीस ते का, हे मला कळतं, पण ते खोटं मी घेतलं, दोन्ही हातांनी घेतलं, आणि तेव्हापासून आरशात बघवत नाही. तू इथे आलीस तर जिन्याखाली कुणीतरी तुला बघून हळूच मीमी म्हणणार. ते माझ्यापासून सुरू झालं हे तुला त्या जिन्याखाली उभं राहून कळू नये, नवऱ्याशेजारी उभी असताना तर नाहीच, म्हणून हे लिहिलं. येत्या रविवारी मी त्याला फोन करून खरं सांगणार आहे. पत्र त्याच्या आत तुझ्या हातात पडेल, असं पोस्टातली बाई म्हणाली. तुला त्याला आधी स्वतः सांगायचं असेल तर सांग, नाहीतर मी सांगेन. तो रागावेल, पुन्हा बोलायचा बंद होईल, ते माझं मी बघेन. आणि हे वाचून तुला यावंसं वाटलं नाही, तर येऊ नकोस. लोकांना काय कारण सांगायचं ते तू ठरव, सुट्टी मिळाली नाही म्हण, काहीही म्हण, मी विचारणाऱ्याला तेच सांगेन. तुझं उत्तर आलं नाही तरी मी समजेन. आलं, तर कितीही उशिरा येऊ दे.

तुझीच,
जिला तू आई म्हणणार होतीस, ती